आयएनजी लागलं, पण पुढचा 'ऑन', 'अप', 'टू' नेमका कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चालू काळात क्रियापदाला आयएनजी लावणं जमतं, पण त्यानंतर येणारे ऑन, ऑफ, अप, आउट, फॉर, टू कधी कुठले लावायचे आणि वाक्यात कुठे ठेवायचे ते कळत नाही, फ्रेझल व्हर्ब्सच्या, म्हणजे क्रियापद आणि असा छोटा शब्द यांच्या जोड्यांच्या, याद्या पाठ केल्या तरी ऐन बोलताना काही आठवत नाही. सोबत तीन वाक्यं दिलीत. मेलमधलं 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' सिनियरने दुरुस्त केलं, ते का. कॉलवर 'शी इज पुटिंग ऑन अ सारी टुडे' म्हटल्यावर परदेशातला क्लायंट हसला, ते का. आणि चॅटवर 'आय अ‍ॅम लुकिंग अप इट' टाइप केलं तर सॉफ्टवेअरने खाली लाल रेघ मारली, ती का.

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि नोकरी करणाऱ्यांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या पाचशे फ्रेझल व्हर्ब्सच्या पीडीएफ डिलीट करून टाका. त्या यादीत 'पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे' एवढंच असतं, तो 'ऑफ' तिथे काय काम करतोय हे कुणी सांगत नाही, आणि आयएनजी लागल्यावर त्याच शब्दाचा अर्थ थोडा सरकतो हे तर अजिबातच नाही. तुमची तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या कारणांनी अडलीत पण मुळाशी विचारायचा प्रश्न एकच आहे, हा छोटा शब्द कुणाचा आहे? क्रियापदाचा की त्याच्या पुढच्या नामाचा?

नामाचा असेल तर तो प्रीपोझिशन. मराठीत हे काम आपली शब्दयोगी अव्ययं आणि विभक्तीचे प्रत्यय करतात, फक्त ते नामाच्या मागून चिकटतात आणि इंग्रजीत आधी येतात. 'ही इज लुकिंग अ‍ॅट द फोटो', तो फोटोकडे बघतोय, 'अ‍ॅट' म्हणजे ते 'कडे'. क्रियापदाचा असेल तर त्याला पार्टिकल म्हणतात, आणि इथे मराठीतला जोडीदार वेगळाच आहे जो शाळेत कुणी दाखवत नाही. आपण नुसतं 'खा' म्हणत नाही, 'खाऊन टाक' म्हणतो, नुसतं 'लिही' नाही तर 'लिहून घे', 'फेकून दे', 'शोधून काढ'. हे टाक, घे, दे, काढ म्हणजे आपले पार्टिकल आहेत असं समजा. 'ईटिंग अप' खाऊन टाकतोय, 'रायटिंग डाउन' लिहून घेतोय, 'थ्रोइंग अवे' फेकून देतोय, 'लुकिंग अप द नंबर' नंबर शोधून काढतोय. एकास एक जोड्या लागतीलच असं नाही, पण जिथे मराठीत दुसरं क्रियापद मदतीला येतं तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा असा एक ठेंगणा शब्द येतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की 'अप म्हणजे वर' हे भूत उतरतं. 'ईटिंग अप'मध्ये वर काहीच जात नाहीये.

आता ओळखायचं कसं, कारण शब्द तर तेच असतात. सगळ्यात सोपं उदाहरण देतो. 'ही इज रनिंग अप द हिल' आणि 'ही इज रनिंग अप अ बिल'. पहिल्यात माणूस टेकडी पळत चढतोय, सकाळी पर्वतीवर दिसतात तसे, दुसऱ्यात तो हॉटेलात बसून बिल वाढवत चाललाय. आता हिल आणि बिल दोघांच्या जागी 'इट' घाला. टेकडीचं होतं 'रनिंग अप इट', बिलाचं होतं 'रनिंग इट अप'. कारण टेकडीचा 'अप' हा टेकडीला बांधलेला आहे, तो तिच्या पुढून हलणार नाही. बिलाचा 'अप' क्रियापदाचा आहे, म्हणून मधे सर्वनाम शिरू शकतं, शिरू शकतं काय, शिरावंच लागतं. हाच तुमच्या तिसऱ्या वाक्याचा दोष, 'लुकिंग अप इट' नाही, 'लुकिंग इट अप'. नाम असेल तर दोन्ही चालतं, 'लुकिंग अप द नंबर' किंवा 'लुकिंग द नंबर अप', पण इट, हिम, देम असे छोटे शब्द आले की ते मधेच बसतात. उलट 'लुकिंग आफ्टर हिम'चं 'लुकिंग हिम आफ्टर' कधीच होणार नाही, कारण 'आफ्टर' प्रीपोझिशन आहे.

दुसरी एक खूण आहे ती म्हणजे मधे क्रियाविशेषण घालून बघायचं. 'लुकिंग केअरफुली अ‍ॅट द फोटो' चालतं, 'लुकिंग केअरफुली अप द नंबर' कानाला लगेच खटकतं. आणि तिसरी खूण कानाचीच, जी मला सगळ्यात भरवशाची वाटते: पार्टिकलवर जोर पडतो, प्रीपोझिशनवर सहसा पडत नाही. 'लुकिंग इट अप' म्हणताना 'अप' ठसक्यात येतो, 'लुकिंग अ‍ॅट इट' म्हणताना 'अ‍ॅट' गिळल्यासारखा येतो. आपण मराठी माणसं सगळे शब्द सारख्याच जोराने बोलतो म्हणून आपल्याला हा फरक ऐकू यायला वेळ लागतो, पण इंग्रजी बातम्या किंवा मॅचची कॉमेंट्री ऐकताना मुद्दाम तिकडे कान लावा, आठवडाभरात ऐकू यायला लागेल.

तीन तुकड्यांची जी असतात, 'पुटिंग अप विथ', 'कटिंग डाउन ऑन', 'रनिंग आउट ऑफ', त्यांना घाबरायचं कारणच नाही, त्यात पहिला पार्टिकल असतो आणि दुसरा प्रीपोझिशन. 'कटिंग डाउन ऑन शुगर'मध्ये 'डाउन' कटिंगचा आणि 'ऑन' साखरेचा. जोर मधल्यावर. म्हणून ही सहसा फुटत नाहीत, 'कटिंग शुगर डाउन ऑन' असलं काही होत नाही.

आता साडीचं वाक्य. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण चालू काळ आणि पार्टिकल यांचं खरं लग्न इथे लागतं आणि मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे जो तो वापरत नाही.

मराठीत 'नेसतेय' आणि 'नेसलीये' हे आपण चार वर्षांचं पोर असताना सुद्धा चुकत नाही. नेसतेय म्हणजे निऱ्या घालणं चालू आहे, दार उघडू नका. नेसलीये म्हणजे नेसून झालं, आता अंगावर आहे. इंग्रजीत हे दोन्ही चालू काळातच सांगतात, पण क्रियापद बदलून: 'शी इज पुटिंग ऑन अ सारी' म्हणजे नेसतेय, 'शी इज वेअरिंग अ सारी' म्हणजे नेसलीये. तुम्हाला म्हणायचं होतं की मॅडम आज फंक्शनमुळे साडीत आहेत, आणि क्लायंटने ऐकलं की मॅडम या क्षणी कपडे बदलतायत. हसणारच ना.

हे फक्त साडीचं नाहीये. 'बसलाय' म्हणजे 'ही इज सिटिंग ऑन द चेअर', 'बसतोय' म्हणजे 'ही इज सिटिंग डाउन'. 'उभा आहे' म्हणजे 'स्टँडिंग निअर द डोअर', 'उभा राहतोय' म्हणजे 'स्टँडिंग अप'. 'झोपलाय' हा 'स्लीपिंग', पण 'डोळा लागतोय' हा 'ड्रॉपिंग ऑफ' किंवा 'नॉडिंग ऑफ'. 'धरलंय' म्हणजे 'होल्डिंग', 'उचलतोय' म्हणजे 'पिकिंग अप'. भिंतीवर फोटो लावलाय, 'द फोटो इज हँगिंग ऑन द वॉल', आणि तो फोटो लावतोय, 'ही इज हँगिंग अप द फोटो'. बघा, आपल्या 'लाय'च्या ठिकाणी इंग्रजी नुसतं आयएनजी वापरतं आणि फार तर जागा दाखवायला एक प्रीपोझिशन जोडतं, आणि आपल्या 'तोय'च्या ठिकाणी, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणं चालू असताना, ते पार्टिकल आणतं. मुलं शाळेत शिकतात की 'तोय' आलं की आयएनजी आणि 'लाय' आलं की हॅज, आणि मग 'ही हॅज सॅट ऑन द चेअर', 'शी हॅज वोर्न अ सारी' अशी वाक्यं जन्माला येतात. ती व्याकरणात कदाचित पास होतील, पण खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल कुणी तसं बोलत नाही.

एक पोटकलम सांगून ठेवतो, 'सिटिंग डाउन' आणि 'लाइंग डाउन' हे आधीच बसलेल्या-पडलेल्या माणसालाही म्हणतात, 'हा बसून काम करतो' याला 'ही वर्क्स सिटिंग डाउन', आणि 'उभ्यानेच खाल्लं' याला 'स्टँडिंग अप'. त्यामुळे पार्टिकल दिसला की दर वेळी 'तोय' असं डोळे झाकून नका धरू, संदर्भ बघा. 'पुटिंग ऑन'ला मात्र ही सवलत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू संपण्याची. अप, आउट, ऑफ, डाउन हे पार्टिकल बऱ्याचदा 'शेवटपर्यंत', 'पुरतं' असा अर्थ आणतात, आणि आयएनजी म्हणतं की अजून चालू आहे. मग दोघं एकत्र आले की काय होतं? मराठीत जे 'संपत आलंय', 'होत चाललंय' होतं ते. 'वी आर रनिंग आउट ऑफ गॅस' म्हणजे गॅस संपत आलाय, नंबर लावा, आणि 'वी हॅव रन आउट ऑफ गॅस' म्हणजे संपलाय, आता बाहेरून मागवा. 'द रेन इज ईझिंग ऑफ', पाऊस ओसरत चाललाय. ऑफिसात हा फरक पैशांचा असतो, 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम' आणि 'वी हॅव रन आउट ऑफ टाइम' यातलं दुसरं क्लायंटला सांगताना आधी बॉसला विचारा. आणि 'द शॉप इज क्लोजिंग' म्हणजे शटर खाली येतंय, उद्या उघडेल, पण 'द शॉप इज क्लोजिंग डाउन' म्हणजे दुकान कायमचं बंद होतंय. एक 'डाउन' आणि दुकानदाराचा धंदा गेला.

आता 'लुकिंग फॉरवर्ड टू'. इथे 'टू' दोन प्रकारचे आहेत हे माहीत नसल्याने सगळा घोळ होतो. एक 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, टू मीट, टू गो, टू ईट, तो 'भेटायला, जायला, खायला' मधल्या 'आयला'सारखा. दुसरा 'टू' प्रीपोझिशन, म्हणजे 'कडे' किंवा 'ला', आणि प्रीपोझिशननंतर नामच लागतं. क्रियापदाला तिथे बसायचं असेल तर आयएनजी लावून नाम बनूनच बसावं लागतं. ओळखायचं असं की 'टू'नंतर 'इट' किंवा 'दिवाळी' घालून बघा. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' होतं, म्हणजे हा प्रीपोझिशनवाला 'टू', म्हणून 'टू मीटिंग यू', 'टू हिअरिंग फ्रॉम यू'. 'आय अ‍ॅम ट्राइंग टू दिवाळी' होत नाही, म्हणून तिथे 'ट्राइंग टू मीट'. याच प्रीपोझिशनवाल्या गटात 'गेटिंग यूज्ड टू लिव्हिंग अलोन' आणि 'ऑब्जेक्टिंग टू पेइंग' येतात. आणि फक्त 'टू'च नाही, सगळ्या प्रीपोझिशननंतर हेच, 'थिंकिंग ऑफ बाइंग अ फ्लॅट', 'टॉकिंग अबाउट मूव्हिंग'. दोन आयएनजी एकामागे एक आले म्हणून लोक घाबरतात आणि एक काढून टाकतात, काढू नका. पहिलं आयएनजी काळ दाखवतंय, दुसरं नाम बनलंय, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

'गोइंग टू'मध्ये हे दोन्ही 'टू' शेजारी शेजारी बघायला मिळतात. 'आय अ‍ॅम गोइंग टू नाशिक' मधला 'टू' प्रीपोझिशन, 'आय अ‍ॅम गोइंग टू रिझाइन' मधला क्रियापदाआधीचा. बोलीभाषेत या क्रियापदाआधीच्या 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, 'आय अ‍ॅम गॉना रिझाइन', पण 'आय अ‍ॅम गॉना नाशिक' असं कुठलाही इंग्रज किंवा अमेरिकन बोलणार नाही. सिरीज बघून 'गॉना' सगळीकडे फेकणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

जरा विषय सोडून एक गंमत. इंग्रजीतला चालू काळ कसा तयार झाला याबद्दल एक मत असं आहे की त्याच्या पोटातच एक प्रीपोझिशन दडलेलं होतं. पूर्वी 'ऑन हंटिंग' म्हणत, म्हणजे शिकारीवर असणं, त्याचं झिजून 'अ-हंटिंग' झालं, आणि मग तो 'अ' पण गळाला. आणि चालू काळाचा आजचा सुळसुळाटही तसा अलीकडचाच, शेक्सपिअरच्या हॅम्लेटला पोलोनियस विचारतो ते 'व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड' असं, आज तोच प्रश्न 'व्हॉट आर यू रीडिंग' होईल. पार्टिकलवाल्या क्रियापदांचा त्रासही आपल्यालाच होतो असं नाही, सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण याच जोड्यांची येते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्यामानाने नवं, 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथने ते छापलं आणि ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं सांगितलं.

तर परत कामावर. काही क्रियापदांना आयएनजी लावू नका असं शाळेत सांगितलेलं असतं, नो, सी, हिअर, बिलाँग वगैरे. ते ठीकच आहे, पण त्यांच्या मागे पार्टिकल किंवा वेगळं प्रीपोझिशन लागलं की नियम फिरतो. 'आय अ‍ॅम सीइंग अ बस' नाही म्हणत, पण 'आय अ‍ॅम सीइंग माय ब्रदर ऑफ', म्हणजे भावाला स्टँडवर सोडायला आलोय, एकदम बरोबर. (आणि पार्टिकल न लावता 'आय अ‍ॅम सीइंग हिम' म्हणालात तर तुमचं प्रेमप्रकरण जाहीर होतं, तेव्हा सांभाळून.) 'थिंक'चं पण तसंच, 'व्हॉट डू यू थिंक ऑफ धिस' म्हणजे तुमचं मत काय, 'व्हॉट आर यू थिंकिंग अबाउट' म्हणजे कसला विचार चाललाय, 'आय अ‍ॅम थिंकिंग इट ओव्हर' म्हणजे विचार करून सांगतो. 'स्टँड फॉर' बघा: 'एसटी स्टँड्स फॉर स्टेट ट्रान्सपोर्ट', इथे आयएनजी नाहीच, पण 'माय अंकल इज स्टँडिंग फॉर इलेक्शन', काका निवडणुकीला उभे आहेत, इथे आयएनजीच, अमेरिकेत तेच काका 'रनिंग फॉर' होतात. 'द रोड लीड्स टू महाबळेश्वर', रस्ता रोजच तिकडे जातो. 'द रेन इज लीडिंग टू लाँग डिलेज', इथे काहीतरी आत्ता घडतंय.

आणि 'कम फ्रॉम'. इंटरव्ह्यूमध्ये 'आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम सातारा' म्हटलं की समोरच्याला वाटतं हा आत्ता गाडीतून उतरून थेट आलाय. मूळचा सातारचा म्हणायचं तर 'आय कम फ्रॉम सातारा' किंवा साधं 'आय अ‍ॅम फ्रॉम सातारा'. तेच क्रियापद, तेच प्रीपोझिशन, आयएनजीने अर्थ बदलला. 'डिपेंड ऑन'मध्ये आपली मराठी आड येते, 'अवलंबून आहे' मधल्या 'आहे'मुळे आपसूक 'इट इज डिपेंडिंग ऑन' निघतं, ते 'इट डिपेंड्स ऑन' पाहिजे. माणसाबद्दल मात्र 'आय अ‍ॅम डिपेंडिंग ऑन यू' चालतं, कारण तिथे मी आत्ता या कामात तुझ्या भरवशावर आहे असा अर्थ आहे. तसंच 'द टीम इज कन्सिस्टिंग ऑफ' नको, 'कन्सिस्ट्स ऑफ'.

मराठीतून गळती होते ती प्रीपोझिशनमध्ये सगळ्यात जास्त, आणि दोन्ही बाजूंनी होते. मराठीत प्रत्यय आहे म्हणून इंग्रजीत जादाचा येतो: चर्चा 'बद्दल' करतो म्हणून 'डिस्कसिंग अबाउट', लग्न 'शी' करतो म्हणून 'मॅरीइंग विथ', 'डिस्कसिंग द बजेट' आणि 'मॅरीइंग हिम' एवढंच पुरतं. उलट मराठीत गाणी ऐकतो, गाण्यांना ऐकत नाही, म्हणून 'लिसनिंग म्युझिक', आणि 'तुझी वाट बघतोय'मध्ये 'साठी' कुठेच नाही म्हणून 'वेटिंग यू'. तिथे 'टू' आणि 'फॉर' हवेतच. याच्या जोडीला 'मी पाच वर्षांपासून इथे राहतोय'चं 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं, ते 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. मोजलेला कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', 'सिन्स 2019'. यावर शाळेत इतकं रगडलेलं असतं की मी जास्त बोलत नाही.

काही जोड्या आपण भारतात घडवल्यात किंवा जपल्यात. 'कोपिंग अप विथ' मधला 'अप' बाहेर कुणी लावत नाही, 'कोपिंग विथ' पुरे. 'आय अ‍ॅम पासिंग आउट धिस इयर' म्हणजे आपल्याकडे डिग्री पूर्ण होतेय, अमेरिकन माणसाला ऐकू येतं की हा बेशुद्ध पडणार आहे. पण हा वापर आपण हवेतून आणलेला नाही, सैन्यात ट्रेनिंग संपवून बाहेर पडण्याला तोच शब्द आहे, खडकवासल्याच्या एनडीएत आजही 'पासिंग आउट परेड'च होते. मला स्वतःला या देशी वापरांची लाज वगैरे वाटत नाही, आपसात खुशाल बोला, फक्त परदेशात मेल जात असेल तर 'ग्रॅज्युएटिंग' लिहा.

आता मला सगळ्यात आवडणारे दोन पार्टिकल, जे याद्यांमध्ये नीट सापडत नाहीत. एक 'अवे'. आयएनजीबरोबर तो बऱ्याचदा 'दूर' असा अर्थ देतच नाही. 'दे आर चॅटिंग अवे' म्हणजे बडबडत सुटलेत, 'शी इज टायपिंग अवे' म्हणजे टाइप करत बसलीये, आजूबाजूचं भान नाही. आपल्या 'त सुटणे', 'त बसणे'चा हा थेट भाऊ. दुसरा 'अराउंड', 'सिटिंग अराउंड', 'हँगिंग अराउंड', म्हणजे नुसतं, बिनकामाचं, टाइमपास. आईने 'नुसता बसलायस काय' म्हटलं की त्याचं इंग्रजी 'सिटिंग अराउंड', 'ओन्ली सिटिंग' नव्हे. आणि याच्यात 'ऑलवेज' घातलं की तक्रार तयार होते, 'ही इज ऑलवेज शोइंग ऑफ', हा सारखा शायनिंग मारत असतो.

कर्मणीचं थोडं सांगतो कारण सरकारी पत्रं आणि कंपनीचे मेल त्यावरच चालतात. 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू', 'द वर्क इज बीइंग कॅरीड आउट'. इथे आयएनजी 'बी'ला लागतं, मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात जातं, आणि तो छोटा शब्द मात्र जागचा हलत नाही, आणि टाकूनही देता येत नाही. 'द मॅटर इज बीइंग लुक्ड' एवढंच लिहून पाठवलेली पत्रं मी पाहिलीत. प्रीपोझिशन असूनही मागे नाम नाही म्हणून लोकांना ते अर्धवट वाटतं, पण त्याचं नाम वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलंय. प्रश्नातही तेच, 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर', 'हू आर यू टॉकिंग टू', शेवटी लटकलेला 'फॉर' आणि 'टू' चूक नाही. 'टू हूम आर यू टॉकिंग' पुस्तकी आहे पण बरोबर आहे, तर 'अप व्हॉट आर यू लुकिंग' कधीच होणार नाही. कारण वर आलंच आहे, 'अप' नामाचा नाहीच, तो नामाबरोबर पुढे जाईल कसा.

एक ठिकाण असं आहे जिथे पार्टिकल उडी मारून पुढे येतो, विशेषण करताना. कॉल 'कमिंग इन' असतो पण तो 'इनकमिंग कॉल' होतो, 'गोइंग आउट'चं 'आउटगोइंग', 'गोइंग ऑन'चं 'ऑनगोइंग', 'कमिंग अप'चं 'अपकमिंग'. हे आपल्याला शिकवायची गरज नाही, इनकमिंग फ्री झालं तेव्हापासून हे मराठी शब्दच आहेत, आणि निवडणुका आल्या की पक्षांमधलं इनकमिंग-आउटगोइंग मथळ्यात असतंच. फक्त वाक्यात क्रियापद म्हणून वापरताना परत उलटं करायला विसरू नका, 'दिवाळी इज कमिंग अप', 'दिवाळी इज अपकमिंग' नको.

उच्चाराचं एकच सांगतो. आयएनजीच्या शेवटी आपण मराठी लोक 'ग' ठोकतो, 'लुकिंग-ग'. प्रमाण इंग्रजीत तिथे नुसता ङ असतो, आपल्या मुळाक्षरांतला तोच, ज्याला आपण कधी एकटा वापरत नाही. पुढचा छोटा शब्द स्वराने सुरू होत असेल, आणि ऑन, ऑफ, अप, आउट, इन, अ‍ॅट सगळे स्वरानेच सुरू होतात, तर तो ङ त्याच्यात मिसळून जातो, 'पुटिङॉन', 'लुकिङॅट'. तोडून तोडून बोललात की पार्टिकल सुटा पडतो आणि मग तो विसरला पण जातो. जोडी म्हणून तोंडात बसवलीत तर जोडी म्हणूनच आठवते. स्पेलिंगमध्ये गेटिंग, पुटिंग, कटिंग, सेटिंगला टी दोनदा, रनिंगला एन दोनदा, आणि 'लाय डाउन'चं होताना आय आणि ई जाऊन वाय येतो, बस.

मग याद्या नाहीत तर काय करायचं. शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्डची ऑनलाइन फुकट बघता येते, आणि तिथे अर्थ वाचायच्या आधी 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द कुठे ठेवलाय ते बघा. 'पुट समथिंग ऑफ' असं मधे घातलेलं असेल तर ते फुटणारं, सर्वनाम मधे घालायचं. 'लुक आफ्टर समबडी' असं शेवटी असेल तर न फुटणारं. फुटणाऱ्यांच्या जवळ दोन टोकांचा एक बाण पण छापलेला असतो. मग दिवसभरात तुम्ही स्वतः मराठीत जे 'तोय', 'लाय', 'त चाललंय', 'त बसलाय' बोलता त्यातली दोन-तीन वाक्यं घ्या, गॅस संपत आलाय, बाबा पेपर वाचत बसलेत, शेजारी फ्लॅट सोडून चाललेत, आणि त्यांचं इंग्रजी करून बघा. 'द नेबर्स आर मूव्हिंग आउट' तुम्हाला यादीतून कधी आठवला नसता, पण शेजारी खरंच चालले असतील तर तो जाणार नाही.